शनिवारी रात्रीच्या सर्व्हर स्थलांतराविषयी: आपल्या अभिप्रायास उत्तर

महोदय,

आपण दिलेला एका ताऱ्याचा अभिप्राय वाचला. आपल्या लेखा विभागाचा सर्व्हर रविवारी दुपारी एकपर्यंत बंद राहिला, याबद्दल मी मनापासून क्षमा मागतो. चार तासांचा अंदाज आम्हीच दिला होता आणि प्रत्यक्षात पंधरा तास लागले, हे मी नाकारत नाही. परंतु ‘रात्रभर केलेले काम सकाळी स्वतःच पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरू केले, यांना काम येत नाही’ हे आपले वाक्य आम्हा सर्वांच्या मनाला फार लागले आणि त्याचे सविस्तर उत्तर देणे मला भाग आहे.

चांदिवलीच्या डेटा सेंटरमधील आपला जुना फिजिकल सर्व्हर जसाच्या तसा व्हर्च्युअल मशीनमध्ये (म्हणजे सॉफ्टवेअरने दुसऱ्या यंत्रावर चालणाऱ्या आभासी संगणकात) आणायचा होता. डेटाबेस चालू असताना प्रत काढली तर नोंदी अर्धवट येण्याचा धोका असतो, म्हणून रात्री दहाला सर्व्हर बंद करूनच ६०० जीबीची कॉपी घ्यायची, हे आपल्या संमतीने ठरले होते. एक गिगाबिटच्या जोडणीवरून सेकंदाला साधारण ११० एमबी जातात. त्या हिशेबाने कॉपीला दीड तास आणि उरलेला वेळ तपासणीला, असा तो चार तासांचा अंदाज होता.

साडेदहाला कॉपी सुरू झाली, तेव्हा वेग ११ एमबीच्या पुढे जाईना. आपण भरून दिलेल्या माहितीत एक गिगाबिटचा म्हणून नोंदलेला आपल्या रॅकमधील (सर्व्हर ठेवण्याच्या कपाटातील) स्विच, म्हणजे नेटवर्कच्या केबल जोडणारे उपकरण, १०० मेगाबिटचा, म्हणजे दहापट संथ निघाला. केबल आमच्या स्विचला लावणे पाच मिनिटांचे काम होते, पण रॅक आपला असल्यामुळे आपल्या लेखी परवानगीवाचून त्याला हात लावता येत नाही, आणि तो नियम योग्यच आहे. १०.५० पासून आम्ही आपल्याकडे फोन व ई-मेल करत होतो. परवानगी सकाळी ७.४० ला मिळाली. तोवर माझ्याकडे काम करणारी दोन मुले डेटा सेंटरच्या त्या थंडगार खोलीत जागी होती, हे अभिप्रायात कुठेच आले नाही.

केबल काढली की चालू कॉपी तुटते आणि आम्ही वापरत असलेल्या पद्धतीत ती पुढे जोडता येत नाही. तोवर सुमारे ३६० जीबी झाले होते. उरलेल्या २४० जीबींना जुन्या वेगाने आणखी सहा तास, म्हणजे दुपारचे पावणेदोन वाजले असते, आणि तपासणी त्यानंतर. पहिल्यापासून सुरू केल्यास दीड तास. मी फोनवर दुसरा पर्याय निवडायला सांगितले आणि ९.४० ला पूर्ण प्रत हाती आली. आजही तोच निर्णय घेईन.

त्यानंतरची चूक मात्र आमची आहे. व्हर्च्युअल मशीन पहिल्यांदा सुरू करताना बूट डिस्क (ज्या डिस्कवरून विंडोज सुरू होते ती) सापडत नसल्याची निळी स्क्रीन आली, कारण जुन्या विंडोजमध्ये त्या सर्व्हरच्या रेड (RAID) कार्डाचाच, म्हणजे डिस्क सांभाळणाऱ्या कार्डाचाच ड्रायव्हर (ते उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर) चालू होता आणि व्हर्च्युअल मशीनमध्ये तेच काम करणाऱ्या व्हर्च्युअल कंट्रोलरचा नव्हता. त्यात दीड तास गेला. ही तयारी आधीच व्हायला हवी होती. पुढे जुन्या नेटवर्क कार्डाच्या लपलेल्या नोंदीने सर्व्हरचा आयपी पत्ता (नेटवर्कवरील त्याचा क्रमांक) अडवून ठेवला होता, ती नोंदही काढावी लागली. उरलेला वेळ आपल्या लेखापालांसोबत नोंदी पडताळण्यात गेला आणि एकही व्हाउचर कमी भरले नाही. रात्रभराच्या जादा कामाचे आम्ही पैसेही लावलेले नाहीत.

आमचे काम छोटे आहे आणि नवे ग्राहक हेच अभिप्राय वाचून येतात, म्हणून एवढे लिहिले. यापुढे पूर्वतपासणी अधिक काटेकोर करू आणि रॅकची परवानगी आधीच घेऊन ठेवू. त्या रात्रीच्या फोन व ई-मेलच्या वेळा आपल्याकडेही असतील. त्या एकदा पाहून आपल्या अभिप्रायातील ते एक वाक्य तरी बदलावे, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
संचालक