शिक्का मारला म्हणजे मृत्युपत्र झालं?

साताऱ्यात मृत्युपत्राचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: "स्टॅम्पपेपर कितीचा आणायचा?" अहो, मृत्युपत्राला मुद्रांक शुल्कच नाही! कोऱ्या कागदावर चालतं. नोटरी सक्तीची नाही, नोंदणीही ऐच्छिक. सक्तीचे आहेत ते दोन साक्षीदार, आणि नेमकी तिथंच टाळाटाळ. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५, कलम ६३: प्रत्येक साक्षीदाराने करणाऱ्याला सही करताना पाहिलेलं हवं, नाहीतर 'ही सही माझीच' हे त्याच्या तोंडून ऐकलेलं हवं, मग स्वतःची सही त्याच्यादेखत करायची. दोघं एकाच वेळी हजर नसले तरी चालतं, एवढी सवलत आहे की!

पण होतं काय? आबा घरी अंथरुणावर, कागद नोटरीच्या टेबलावर, आणि साक्षीला टपरीवरचे दोघे, ज्यांनी आबांना जन्मात पाहिलेलं नाही. उद्या भाऊबंदकी पेटली की हयात साक्षीदारांपैकी निदान एकाला कोर्टात उभं राहावं लागतं. तो काय सांगणार, कपाळ? गोल लाल शिक्का साक्ष देत नाही. काही ठिकाणी तर ज्याला रान मिळणार तोच थोरला साक्षीदार! म्हणजे संशयाला आयतं निमंत्रण. ओळखीचा, वयानं तरुण, वाटणीत नाव नसलेला माणूस अख्ख्या गावात मिळत नाही?