बर्फाला सोलापुरी चादर

प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं होतं, चौथीच्या मुलांना इंजिनिअर करायचं नाही, इंजिनिअरसारखा विचार करायला शिकवायचं. ऐकायला छान वाटलं. अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे वस्तू बनवून शिकायची सरकारी योजनेतली शालेय प्रयोगशाळा, सहावीपासून पुढे मिळते, तिला २० लाखांपर्यंत अनुदान असतं. चौथी 'ब'ला पाच पायऱ्यांचा रंगीत तक्ता मिळाला. तो चिकटवायला फेव्हिकॉल मी घरून नेला.

पायऱ्या अशा: विचारा, कल्पना करा, आराखडा काढा, बनवा, सुधारा. लहान मुलांसाठी ही मांडणी बॉस्टनच्या विज्ञान संग्रहालयाने केली. तिकडची पोरं एकेक पायरी चढत असतील. आमची जिन्याच्या कठड्यावरून घसरत थेट 'बनवा'पाशी उतरतात.

सोलापुरात एप्रिल महिन्यात प्रश्न शोधत बसावं लागत नाही. पारा बेचाळिशीच्या पुढे, शाळा सकाळची, आणि साडेनऊलाच पत्रे तापलेले. म्हटलं, बर्फाचा खडा तासभर टिकेल असं घर बनवा. अटी तीन: सामान घरातलं टाकाऊ, खर्च शून्य, खडा सगळ्यांना सारखाच. सारखेपणासाठी मी रात्रीच ट्रेमध्ये बर्फ लावला आणि सकाळी थर्मासमधून वर्गात आणला.

"बाई, ह्या थर्मासातच ठिवू की. टिकलाय की."

तास तिथंच संपायला हवा होता. पण तक्त्यावर चार पायऱ्या शिल्लक होत्या.

पहिल्या पायरीवर मुलांनी भरपूर विचारलं. मार्क किती? बर्फ नंतर कुणाचा? शेजारच्या तुकडीला का नाही? आराखड्याचे कागद गोळा केले तर प्रत्येकावर दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नारळाचं झाड आणि झोपडी. झोपडीकडे एक बाण: 'बर्फ आत आहे'. मला तर त्या सूर्याचीच काळजी वाटली.

खरं रण पेटलं ते चादरीवरून. एकीचे वडील यंत्रमागावर आहेत; तिने चादरीचा जाडजूड तुकडा आणला आणि खड्याला बाळासारखं गुंडाळायला घेतलं. मागच्या बाकावरून आरोळी आली, "चादरीनं गरम होतंय की बे! मरंल त्यो!" अख्खा वर्ग त्याच्या बाजूने. मी समजावलं, चादरीत स्वतःची ऊब नसते. धाग्यांत अडकलेली हवा उष्णतेला सहजी पलीकडे जाऊ देत नाही. थंडीत आपली उष्णता बाहेर जाऊ देत नाही, इथं बाहेरची आत येऊ देणार नाही.

"मग बाई, उन्हाळ्यात चादर घेऊन झोपायचं?"

याला उत्तर आहे. आपलं अंग स्वतः उष्णता तयार करतं, बर्फ करत नाही. पण हे मी सांगेपर्यंत वर्गाने आपसात ठरवून टाकलं होतं की बाईंना ऊन लागलंय.

मग चाचणी. थर्माकोलच्या पेटीवाल्यांचं काम सगळ्यांत देखणं होतं, पण 'वितळला का बघू' म्हणत ते दर मिनिटाला झाकण उघडत होते. अशानं पेटी काय करणार? एका गटाची डबी तासाभराने उघडली तर आत खडाही नाही, पाणीही नाही. "वितळला नाही बाई, संपला," असं गटप्रमुखाने ओठ पुसत सांगितलं. निकषात 'खाऊ नये' असं कुठं लिहिलं होतं?

वितळलेलं पाणी औषधाच्या टोपणाने मोजलं. चादरवाली दुसरी आली आणि तिने मागच्या बाकाकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी जपून ठेवली आहे. सगळ्यांत कमी पाणी निघालं ते एका गप्प पोराच्या डब्यात. लाकडाचा भुसा, वर गोणपाट, बस्स. आराखड्याचा कागद कोरा.

"कसं सुचलं रे?"

"मामाची गोळ्याची गाडी हाय. मामा असंच ठिवतो."

तक्त्याच्या हिशेबाने हा नापास. माझ्या मते 'विचारा' ही पायरी वर्गात त्याने एकट्यानेच केली होती, कारण आधी हे कुणी कसं सोडवलंय ते पाहणं त्याच पायरीत येतं. मामाची युक्तीही जुनी, नावाजलेली. १८३३ साली फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने बॉस्टनहूनच जहाज भरून बर्फ कलकत्त्याला धाडला होता. चार महिन्यांच्या प्रवासानंतर १८० टनांतला सुमारे १०० टन शाबूत पोचला. पुढे हा धंदा वाढला तो बर्फ भुशात भरूनच. म्हणजे बॉस्टनकडून आपल्याकडे आधी बर्फ आला, तक्ता नंतर.

राहिली 'सुधारा'. पाचही पायऱ्यांचे फोटो लिंकवर चढवायचे होते. पण केलेलं मोडून पुन्हा करायला एकही गट राजी होईना. सुधारा म्हणजे आपलं चुकलं, असा सगळ्यांचा समज. शेवटी म्हटलं, मोडू नका, पुढच्या वेळी काय बदलाल ते नुसतं लिहा.

खडा खाणाऱ्या गटाचा कागद सगळ्यांत आधी आला. अक्षर सुवाच्य, मुद्देसूद: 'बर्फाच्या जागी गारेगार घ्यावे. काला खट्टा. प्रत्येकाला वेगळे.'