लाल गोळी, काळे बाळ आणि वाटीभर बीट

गरोदर बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर वारंवार फिरणाऱ्या एका संदेशात चार विधाने एका दमात केलेली असतात. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लोहाच्या लाल गोळ्यांनी बाळ काळे होते. त्यांनी गर्भ अवाजवी वाढून सिझेरियन करावे लागते. बीट, खजूर आणि गूळ खाल्ला की गोळ्यांची गरज उरत नाही. आणि फॉलिक अ‍ॅसिड हे परदेशातून आलेले खूळ असून दिवस राहिल्याची खात्री होईपर्यंत ते घेऊ नये.

पहिल्या विधानाचे मूळ बहुधा शौचकुपात आहे. गोळीतले जे लोह आतड्यात शोषले जात नाही, ते बाहेर पडताना शौचाचा रंग काळा करते, आणि तो रंग बाळालाही लागेल असा तर्क लढवला जातो. त्वचेचा रंग मेलॅनिन या रंगद्रव्यावर आणि आईवडिलांकडून आलेल्या जनुकांवर ठरतो. लोहाशी त्याचा संबंध नाही. (बाळ सावळे झाले तर बिघडले काय, हा प्रश्न संदेश पुढे पाठवणाऱ्यांना पडत नाही, ही खंत वेगळीच.)

दुसरे विधान वस्तुस्थितीच्या नेमके उलटे आहे, कारण लोहाची कमतरता असलेल्या मातेचे मूल कमी वजनाचे जन्मण्याचा धोका अधिक असतो. बाळ फार मोठे होण्यामागे बहुतेकदा आईचा मधुमेह, तिचे वजन किंवा आनुवंशिकता असते.

तिसरे विधान सर्वांत फसवे, कारण त्यात अर्धे सत्य आहे. हे पदार्थ चांगलेच आहेत. प्रश्न हिशेबाचा आहे. गरोदरपणात रक्ताचे आकारमान चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढते, गर्भ आणि वार यांनाही लोह लागते, आणि ही सारी गरज मिळून सुमारे १००० मिलिग्रॅमच्या घरात जाते. शंभर ग्रॅम बीटमध्ये जेमतेम एक मिलिग्रॅमच्या आसपास लोह असते, आणि वनस्पतिजन्य लोहाचा थोडाच भाग शरीरात शोषला जातो. जेवणाबरोबर चहा घेतला तर त्याहूनही कमी. म्हणूनच ‘अ‍ॅनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमात चौथ्या महिन्यापासून रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असलेली गोळी १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा तितकेच दिवस, घ्यायला सांगितली आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील ५२.२ टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या, आणि अशा स्त्रीला प्रसूतीतला रक्तस्राव सोसणे अवघड जाते. गोळीने मळमळ किंवा बद्धकोष्ठता होते हे खरे आहे. ती जेवणानंतर, रात्री झोपताना घेतल्यास बराच फरक पडतो. लिंबू किंवा आवळा सोबत असावा, कॅल्शियमची गोळी मात्र दोन तासांच्या अंतराने घ्यावी. थॅलेसेमिया किंवा सिकलसेल हे आनुवंशिक रक्तविकार असल्यास (नंदुरबार, गडचिरोली भागांत सिकलसेल बराच आढळतो) लोह डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे.

राहिले ‘परदेशी खूळ’. या खुळाचा एक धागा मुंबईच्या गिरण्यांपर्यंत जातो. १९२८ मध्ये मुंबईत आलेल्या लूसी विल्स या डॉक्टर संशोधिकेने गिरणीकामगार गरोदर स्त्रियांमधील एका विशिष्ट रक्तक्षयाचा अभ्यास केला, आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी घटक म्हणजे फोलेट हे ब-जीवनसत्त्व; फॉलिक अ‍ॅसिड हे त्याचेच कृत्रिम रूप. १९४१ मध्ये ते पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले.

आणि खात्री होईपर्यंत थांबण्याचा सल्ला तर घातकच आहे. ज्या नळीपासून बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू घडतो, ती गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत बंद होते. पाळी चुकल्याचे लक्षात येऊन तपासणी आणि डॉक्टरांची भेट होईपर्यंत ही मुदत अनेकदा उलटून गेलेली असते. म्हणून मूल हवे असे ठरल्यावर, गर्भधारणेच्या किमान महिनाभर आधीपासून, रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड सुरू करावे. आधीच्या बाळात मज्जारज्जूचा दोष आढळला असेल, तर मात्रा याच्या जवळपास दहापट लागते, आणि ती स्त्रीरोगतज्ज्ञांनीच ठरवून द्यायची असते.