पाहुण्यांना राजवाडा दाखवताना

पुण्याची भाची आली की तिला राजवाडा दाखवायची पाळी इंदूरच्या प्रत्येक मराठी घरावर येते. गेल्या रविवारी माझ्यावर आली. तुमच्यावर येईल तेव्हा उपयोगी पडावं म्हणून लिहून ठेवते.

रविवारी संध्याकाळीच जा.

चौकात मान वर करून मजले मोजू नका. सातपर्यंत पोचायच्या आत ई-रिक्षा पायावरून जाते.

कुणी बांधला म्हणून विचारलं तर "अहिल्याबाईंनी" असं ठोकून द्या. काम काढलं मल्हाररावांनी, बाईंचा कारभार चालायचा महेश्वरहून. पण सुनेचं नाव घेतलं की सासऱ्याचं कोण विचारतंय! खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी, हेही सांगू नका. लाकडावरून गोष्ट आगीवर जाते. 1801 मध्ये शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्याने इंदूर लुटून जाळलं, हे निघालं की ग्वाल्हेरच्या व्याह्यांची तोंडं वाकडी.

आणि रीलवाल्यांना आधी वाट द्या. मी भाचीला दिंडी दरवाजा दाखवत होते, तर एक पोरगा म्हणतो, "आंटी, साइड हो जाओ, फ्रेम में आ रही हो." झाले. पुन्हा, "थोडा और." आणखी झाले, थेट पाणीपुरीच्या गाडीला टेकले. तेरा वेळा तेच गाणं, तेरा वेळा केसांवरून हात. आणि बॅग कुठे? दरवाजाच्या लोखंडी खिळ्याला! खुंटीच ती, आमच्या होळकरांनी याच्या बॅगेसाठी ठोकून ठेवलेली! शेजारी आपलंच एक मराठी कुटुंब, भुट्ट्याचा कीस खात कौतुकाने बघत होतं. एकाने तोंड उघडलं असेल तर शपथ. मीही नाही उघडलं, ते वेगळं.

आता उघडते. 1984 च्या दंगलीत वाडा पेटला तेव्हा मी बारा वर्षांची होते. धूर आमच्या गच्चीवरून दिसत होता आणि आजी देवघरात जाऊन बसली होती. मागचा भाग पुढे नव्याने उभा करावा लागला. समोरचा वाचला, म्हणून तुम्हाला फ्रेम मिळते आहे. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला येता, मॅच जिंकली की मध्यरात्री नाचायला येता, "आमचे होळकर, आमचे होळकर" म्हणून छाती काढता. लाज नाही वाटत? आत जा एकदा, तिकीट काढून. आणि ती बॅग उतरव आधी.