दाजींची परळची खोली

वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ जणांच्या हातात नव्या घरांच्या चाव्या पडल्या आणि इथे देवगडात, स्टँडासमोरच्या आमच्या कट्ट्यावर भांडण लागलं. त्यात दाजींचा मुलगा परळची खोली विकायच्या विचारात आहे ही बातमी गणपतीला आलेल्या चाकरमान्यांनीच फोडलेली. मग विसर्जनापर्यंत दुसरा विषय नाही.

बाबल्याने नेहमीप्रमाणे दोन्ही मोबाइल कट्ट्यावर मांडले. "वरळीकारांचा सोडा. एकशेसाठ फुटाच्या जागी पाचशे, चाळीस मजली टावर. पण दाजी, तुमची चाळ पगडीची, जागा मालकाची आणि तुमी भाडोत्री. मालक कोर्टात जातलो, बिल्डर पळान जातलो आणि तुमी वर जातलात. आताच विका. विरारक टू बीएचके घेवा, उरलेल्या पैशात हय कलमा."

"आणि तुझा कमिशन?" आबा म्हणाले.

"ता वेगळा."

बाबल्या मयताला गेला तरी आधी अंगण किती गुंठे ते बघतो. खाडीकाठची दोन घरं त्यानेच हॉटेलवाल्यांना मिळवून दिली आणि तिथल्या माडांखाली आता आम्हाला पार्किंगचे पैसे मागतात. हा राग कट्ट्यावर कायम असतो, विषय कुठलाही असो.

नाना मास्तरांनी भाडे नियंत्रण कायदा काढला. १९४७ चा कायदा, भाडी १९४० च्या दराला बांधलेली, त्यामुळे मालकाने दुरुस्तीला पैसा घातला नाही आणि चाळी टेकूवर आल्या. मास्तर बरोबरच सांगत होते, पण ते एकदा सुरू झाले की तास संपल्याशिवाय थांबत नाहीत. आबांनी मधेच तोडलं.

"मास्तर, टेकू आमका म्हायत आसत. त्याच टेकूक चड्डये वाळत घालूक आमी."

आबा कापड गिरणीच्या त्रासन खात्यात, म्हणजे सूतकताईला, बदली कामगार म्हणून लागलेले. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला, अडीच लाख माणूस बाहेर पडलं, आणि आबा त्यातले एक. गिरणी परत उघडली नाही, आबा गावी आले ते आलेच. म्हणून मुंबईचा विषय निघाला की मी त्यांच्याकडे तोंड करून बसतो.

"गिरणगावात गावकरी मंडळाची खोली होती आमची," आबा सांगू लागले. "ह्याच वाडीची. म्हायन्याक वर्गणी. भिंतीक ट्रंका, वर वळकट्ये. रातपाळीचो इलो की दिसपाळीवाल्याच्या जाग्यार आडवो. जेवण खानावळीत, बाई आमच्याच गावची. कोण आजारी पडलो तर सगळे उपाशी ऱ्हवान त्याका बघीत. ती खोली गेली, गिरण्ये गेले, मॉल इले. आता गिरणी कामगारांनी घरासाठी अर्ज केले, पावणेदोन लाखांच्या घरात गेले ते. आणि सरकार घर दाखवता खय? शेलूक आणि वांगणीक! घाम परळाक गाळलो आणि घर वांगणीक?"

ह्यावर बाबल्यासुद्धा काही बोलला नाही. वांगणी कर्जतच्या वाटेवर. गिरणीचा भोंगा तिथे कधी ऐकू गेला नव्हता.

मग सुरेश बोलला. त्याच्या बापाची लालबागची खोली विकून तो नालासोपाऱ्याला गेला, आणि त्याचं म्हणणंही खोटं नाही. "आबा, तुमी रातपाळीचा सांगतास. माझ्या आयेक रात्री दोन वाजता संडासाक न्हेऊचा म्हणजे आठ दारा ओलांडूची. पावसात जिन्यावरना पाणी. पाणी भरूक पहाटे चारचो गजर. आता घरात संडास आसा, आई सुखात गेली."

"मगे लोकलचा सांग," आबा म्हणाले.

"लोकलचा काय सांगतलंय? चढूक मिळाला तर उतरूक मिळणा नाय." सुरेश थोडा थांबला. "पण एक सांगतंय. लालबागाक होतो तेव्हा म्हायन्याक गावचो कोण ना कोण यायचोच. आता कोणच येणा नाय. येतलो कसो? सामान घेऊन विरार गाडीत?"

मला ह्या सगळ्या वादात हेच महत्त्वाचं वाटतं. टाटा हॉस्पिटल १९४१ पासून परळला आहे, केईएम १९२६ पासून. कोकणातला माणूस जड आजाराने पडला की अजूनही त्या दोन दारांत जातो, आमच्या जिल्ह्यात ओरोसला मेडिकल कॉलेज झालं तरी जातोच. माझ्या आईच्या केमोला आम्ही दाजींच्या खोलीत राहिलो. पंखा एक, माणसं सात. सकाळी मी तिला धरून चालत टाटाला नेत असे. वाटेत फुटपाथवर प्लास्टिक अंथरून बसलेली माणसं दिसत, सलाइनची सुई हाताला तशीच, शेजारी स्टोव्हवर पेज. त्यांना मुंबईत कोणी नव्हतं. आम्हाला दाजी होते. दाजींच्या वहिनी आईसाठी भात मऊ करून वेगळा काढून ठेवत आणि तिला उलटी आली की कोणाला हाक मारायच्या आत बादली घेऊन उभ्या राहत. विरारच्या टू बीएचकेमध्ये आईला खोली वेगळी मिळाली असती, पण तिथून रोज टाटाला ती पोचली नसती.

मध्यवर्ती मुंबईत आपली एकेक खोली गेली की नुसतं घर जात नाही. पूर्ण वाडीचं शहरातलं बूड जातं. मी हे कट्ट्यावर बोललो तेव्हा थोडा आवाज चढला असेल.

बाबल्या म्हणाला, "भावना बाजूक ठेव. रेट बघ."

"रेट?" आबा वळले. "बाबल्या, तुझो झिल खय जन्मलो?"

"मुंबैक."

"मुंबैक खय?"

बाबल्या मोबाइलमध्ये बघू लागला.

"वाडियात, परळाक!" आबांनी कट्ट्यावर थाप मारली. "बायलेक अडचण होती, हयच्या डॉक्टरान हात वर केल्यान. आणि तू खय झोपललंस? दाजीच्या माळ्यार! पंधरा दिवस! वैनी तुका रोज बांगड्याचा तिखला घाली, आणि तू म्हणा हुतंस, खोबरा कमी पडला!"

"खोबरा खरंच कमी होता," बाबल्या पुटपुटला.

"भजनात पण असाच करता," मास्तर म्हणाले. "डबलबारीत गजर इसरलो, आणि म्हणता पखवाज बेसूर."

"मास्तर, त्या बारीचा आता कित्याक काढतास? बारा वर्षा झाली!"

"समोरच्या बुवान तुका आवाज दिल्यान, 'बाबल्या, घराक जा', आणि तू खरंच गेलंस!"

सुरेशला हसू आवरेना. चहावाला किटली खाली ठेवून हसायला लागला. इतका वेळ दाजी काही बोलले नव्हते. त्यांनी खिशातून डायरी काढली, चष्मा पुसला आणि बाबल्याला म्हणाले, "तू हिशेबात पक्को. पंधरा दिवस माळो, दोन टायम जेवाण, परळाच्या आजच्या रेटान लाव बघू कॅल्क्युलेटर."

"दाजी, तेव्हा मी पावणो होतंय!"

"मगे जीएसटी धरू नको," आबा म्हणाले, आणि बाबल्या दोन्ही मोबाइल उचलून चहावाल्याच्या मागे पळाला, सगळ्यांच्या चहाचे पैसे द्यायला.