‘सीआरपी नॉर्मल, म्हणजे लेकरू सेफ’ हे धरून बसू नका

रोवणीच्या दिवसांत आमच्या तालुक्यात प्रत्येक ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय: “लेकराला ताप आला की फक्त सीआरपी करा. नॉर्मल आला तर सेप्सिस नाही, किडनी-लिव्हरला धोका नाही. लॅक्टेट, प्रोकॅल्सिटोनिन हे पैसे काढायचे धंदे.” मी तालुक्याच्या गावी लॅब चालवते, रोज सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज-संसर्ग दाखवणारी रक्ताची टेस्ट, करते, म्हणून लिहिते आहे.

“नॉर्मल आला तर सेप्सिस नाही.” सगळ्यात घातक चूक हीच. सेप्सिस म्हणजे संसर्गामुळे शरीराचे अवयव बिघडू लागणं. सीआरपी हे प्रथिन यकृतात तयार होतं. संसर्ग सुरू झाल्यावर ते रक्तात वाढलेलं दिसायला ६ ते १२ तास लागतात, शिखर गाठायला दोनेक दिवस. पहाटे ताप भरलेल्या लेकराचं रक्त सकाळी नऊला आलं तर आकडा नॉर्मल येऊ शकतो. मागच्या पावसाळ्यात एक ताई तीन वर्षांच्या पोराला कडेवर घेऊन आली. कपाळ तापलेलं, तळहात मात्र थंडगार. सुई टोचली तरी रडलं नाही. नख दाबून सोडलं, तर पांढरं झालेलं नख गुलाबी व्हायला चार-पाच सेकंद लागले, म्हणजे रक्त नीट पोचत नव्हतं. रिपोर्टची वाट न बघता मी १०८ बोलावली. नंतर सीआरपी निघाला तो नॉर्मलच.

“किडनी-लिव्हरला धोका नाही.” हे सीआरपी सांगतच नाही. त्यासाठी किडनीचं क्रिएटिनिन, लिव्हरचं बिलिरुबिन बघावं लागतं. मुलांच्या सेप्सिससाठी २०२४ मध्ये आलेल्या फिनिक्स निकषांत फुप्फुस, रक्ताभिसरण, रक्त गोठणं आणि मेंदू यांच्या बिघाडाला गुण आहेत. त्यात लॅक्टेट आहे, एक लाखाखालच्या प्लेटलेट आहेत, सीआरपी नाही. आणि वाढलेला सीआरपी म्हणजे अवयव निकामी होणार असंही नाही. साध्या गळवानंही तो वाढतो.

“पैसे काढायचे धंदे.” खेळत्या-खात्या लेकराच्या साध्या तापात या टेस्ट लागत नाहीत, तेवढं खरं. पण लेकरू गळालेलं असेल तर वाढलेलं लॅक्टेट सांगतं की पेशींना रक्त पुरत नाही. दंडाला पट्टा फार वेळ बांधला किंवा नमुना तासभर तसाच पडून राहिला तर ते खोटंच वाढतं. म्हणून डॉक्टर काही तासांनी पुन्हा करायला सांगतात: उपचारानं उतरतंय का, ते बघायला. प्रोकॅल्सिटोनिन, हेही संसर्गात रक्तात वाढणारं, सीआरपीच्या आधी वाढतं, पण तेही एकट्यानं निकाल देत नाही.

“फक्त सीआरपी.” आपल्याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं ३९ गावांत, गावातल्याच बायांना बाळाची लक्षणं ओळखायला आणि जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. दूध पिणं सुटलं, अंग ढिलं पडलं, यावरून त्यांनी सेप्सिस ओळखला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं छापलं: तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. रक्ताची एकही टेस्ट न करता.

आणि घरात सिकलसेलचं लेकरू असेल तर ताप चढताच थेट दवाखाना गाठा. त्याची प्लीहा जंतूंशी लढायला निकामी झालेली असते. माझ्या लॅबमध्ये थांबूसुद्धा नका.