आवाज अडलाय कुठे?

गिरगावातल्या आमच्या दीड खोलीत एक वस्तू आहे. तिला चार पाय, दहा तारा, तीन पेडलं आणि गुडघ्याने ढकलायचे दोन दांडे आहेत. एवढा सरंजाम असून तिचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत पोचत नव्हता. पाहुणे तिला शिलाई मशीन समजतात, आणि एका मावशींनी तर ब्लाउजचं मापही सांगून टाकलं होतं. ती पेडल स्टील गिटार आहे.

जहाजांवर वाजवत आयुष्य काढलेल्या एका गोवेकर म्हाताऱ्याकडून मी ती धोबीतलावला विकत घेतली. "साउंड एकदम फर्स्ट क्लास," ते म्हणाले होते. त्यांच्याकडे होताही.

खालचे काका हवाईयन गिटारवाल्या व्हॅन शिपलेंच्या तबकड्या ऐकत वाढलेले. "ही हवाईयनच ना? मग पाय कशाला मारायचे?" मी त्यांना सांगितलं की १९५४ साली अमेरिकेत वेब पिअर्सचं एक गाणं गाजलं, त्यात बड आयझॅक्सने तार वाजत असतानाच पेडल दाबून सूर वळवला आणि तेव्हापासून सगळ्यांना पेडलाचं वेड लागलं. काका म्हणाले, "म्हणजे तोवर बरं चाललं होतं."

पहिला संशय तारांवर. गेला अख्खा पावसाळा त्यांनी सोसला होता. गंजलेली तार वाजत नाही, नुसती कण्हते. अमेरिकेहून येणाऱ्या मावसभावाला दहा तारांचा संच आणायला सांगितला. त्याने चॉकलेटं कमी करून आणला आणि अजून ते बोलून दाखवतो. तिसरी तार जेमतेम ०.२८ मिलिमीटर जाडीची. ती 'जी शार्प' या सुराला चढवता चढवता तुटली. बाकीच्या नऊ छान चकाकल्या, पण आवाज तेवढाच.

मग घूंऽऽ. तारांचं कंपन टिपून अँपकडे पाठवणारा जुना पिकअप एका वेटोळ्याचा, त्यामुळे खोलीतली प्रत्येक वीज त्याला ऐकू येते: ट्यूबलाइटचा चोक, पंख्याचा रेग्युलेटर आणि माझा अमेरिकन अँप २३० व्होल्टवर जळू नये म्हणून आणलेला, वरवंट्याच्या वजनाचा ट्रान्सफॉर्मर. मात्र पिकअपची दिशा बदलली की घूं कमी-जास्त होते. म्हणून मी वाद्य आणि स्टूल घेऊन खोलीभर फिरलो. शेवटी मोरीकडे तोंड केल्यावर शांतता झाली. बायकोने दारातून पाहिलं. "वास्तुशास्त्र का?" मी हो म्हणालो. खरं सांगायला जास्त वेळ लागला असता.

घूं गेली, तेव्हा तिच्यामागे दडलेली खर्रखर्र ऐकू आली. ही उजव्या पायाखालच्या व्हॉल्यूम पेडलमधून येत होती. पेडल उघडलं तर आतल्या पॉटचा, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागाचा, कार्बनचा पट्टा झिजून गेलेला. इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांचा बाजार, लॅमिंग्टन रोड, जवळच. काउंटरवर म्हणालो, "पाचशे के, लॉग."

"लिनियर घ्या."

"लॉगच हवा."

"अहो, सगळे हेच नेतात. आजपर्यंत कोणी परत आलं नाही."

मी आलो. कानाला आवाजाची वाढ सरळ हिशोबाने कळत नाही, म्हणून तर लॉग लागतो. लिनियर बसवल्यावर पेडलला अंगठा लागताच जवळजवळ सगळा आवाज एकदम बाहेर पडला आणि पुढे पाय टेकेपर्यंत फरक म्हणून नाही. खालच्या काकांच्या हातातला कप त्याच क्षणी गेला. दुकानदाराने लॉग पॉट दिला, पण "काम काय तुमचं?" हे त्याने ज्या सुरात विचारलं तो मला अजून आठवतो.

नवा पॉट बसला. तरीही छेडताना तार टणकन ओरडे आणि दोन सेकंदांत मरून जाई. त्या टणत्काराला घाबरून मी अँप दोनवरच ठेवायचो. शेवटी म्हाताऱ्यांना फोन केला.

"पाय कुठे असतो तुझा?"

"पूर्ण दाबलेला."

"पूर्ण? मग पुढे जाणार कुठे? अँप वाढव, पाय अर्ध्यावर ठेव. तार छेड, आणि सूर मरायला लागला की पाय हळू पुढे घे. लोकांना कळता नये."

इतके महिने मी सोल्डरिंगचा धूर खात होतो तो यासाठी! अँप सहावर नेला, पाय आवरला. सूर स्वयंपाकघर ओलांडून गॅलरीत गेला आणि तिथे बराच वेळ थांबला. काकांनी खालून काठी ठोकली, पण लयीत.

हल्ली पाय कुठेही सराव करतो. काल चर्नी रोडला गाडी पकडली, "पुढील स्टेशन" विरत आलं आणि उजवा पाय आपसूक पुढे सरकला. समोरच्या गृहस्थांच्या अंगठ्यावर.

"अहोऽऽ, पाऽऽय!"

ग्रँट रोडपर्यंत टिकला सूर.